मिरवणुकीतलं लेझर आणि बंदी, मागचं थोडं

गणपती जवळ आले की लेझरबंदीवरून दरवर्षी वाजतंच, म्हणून थोडं मागचं लिहितोय. लेझरमागची १९१७ ची थिअरी, १९६० ला अमेरिकेत माणकाच्या कांडीतून निघालेला पहिला किरण, हे सगळं सगळ्यांना माहितेय, सोडून देतो. एवढंच सांगतो की १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइडचं लेझर ज्यानं केलं तो माणूस बारामतीत जन्मलेला आणि पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेला, आणि पत्रा कापायच्या धंद्यात पुढं कितीतरी वर्षं हेच लेझर चाललं.

आता आमच्या कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पत्रा कापायला फायबर लेझर आलं. त्याचा किरण १०७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसतच नाही, म्हणून मशीनला केबिन आणि काचही खास त्याच किरणाला अडवणारी. गुजरीतल्या दागिन्यावर हॉलमार्कचा जो सहा अक्षरी नंबर असतो (१ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय सोन्याचा हॉलमार्क दागिना विकता येत नाही) तोही लेझरनंच मारलेला. कुठंच किरण मोकळा सोडत नाहीत.

मोकळा सुटला तो मिरवणुकीत. लेझरचा किरण काढणारे डायोड स्वस्त झाले, काही वॅटची मशीनं भाड्यानं मिळायला लागली, आणि डॉल्बीच्या जोडीला प्रत्येक मंडळाला ती पाहिजेच झाली. खरी भानगड अशी की साधा बल्ब चारीकडं पसरतो, लांब गेलं की उजेड कमी होतो, लेझर मात्र पन्नास फुटांवरही बारीकच राहतं आणि डोळ्याचं भिंग ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अजून बारीक ठिपक्यात गोळा करतं. १ मिलिवॅटपर्यंत पापणी वाचवते, ती पाव सेकंदात मिटते. पाच वॅट म्हणजे त्याच्या पाच हजार पट, तिथं पापणी मिटायच्या आत काम झालेलं असतं. आतले आरसे किरण भराभर फिरवतात तोवर थोडं तरी बरं, आरसा अडकला की सगळी ताकद एका जागी.

अमेरिकेत अशा शोसाठी नियम आहे, लोक उभे असतात त्या जमिनीपासून किरण निदान ३ मीटर वर पाहिजे. आपल्याकडं हा नियम उचलून आणा म्हणणारे आहेत, पण महाद्वार रोडला पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्या गच्च भरलेल्या असतात आणि ट्रॉली प्रत्येक खड्ड्याला हलते, मग ३ मीटर वर म्हणजे कुणाच्या तोंडावर?

२०२३ च्या गणपतीत डोळ्यात रक्तस्राव झाल्याच्या बातम्या कोल्हापुरातूनच आल्या आणि मग बंदीची चर्चा तापली. आता राज्यात ठिकठिकाणी जे आदेश निघतात ते बहुतेक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुनं १४४ च. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे, मॅजिस्ट्रेटच्या पातळीवर निघालेला आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही. म्हणून दरवर्षी नवा कागद. त्यात पुन्हा लेझर, प्लाझ्मा, बीम लाईट सगळं एका ओळीत. लाईटवाले म्हणतात शार्पी (म्हणजे बीम लाईट) हा दिवा आहे, लेझर नाही, आणि त्यांचं यात चुकत नाही, शार्पीचा झोत कितीही टोकदार दिसला तरी तो दिव्याचाच उजेड, डोळे दिपतात पण पडद्यावर तसा बारीक ठिपका गोळा होत नाही. कर्ज काढून घेतलेला माल सीझनला पडून राहिला तर ओरड होणारच.

तरीपण लेझरपुरती बंदी मला बरोबरच वाटते. माझं भांडण आदेशाच्या रचनेशी आहे. त्यात तारखा असतात, वॅट नसतात, आणि पकडलं जातं मंडळ, मशीन विकणारा नाही. दोन महिने सरले की लग्नाचा सीझन, आणि तीच मशीनं वरातीच्या गाडीवर परत चढतात.