उतारवयातला विसराळूपणा आणि टीएसएचचा आकडा

सत्तरीच्या माणसाला नावं आठवेनाशी झाली, बोलणं मंदावलं, की टीएसएच तपासायलाच हवं. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड मंदावलं की ते वाढतं. ते १०च्या बरंच वर आणि फ्री टी४ (थायरॉइडने बनवलेलं, रक्तात मोकळं असलेलं संप्रेरक) कमी असेल, तर विचार संथ होतात, लक्ष लागत नाही, चेहरा उदास दिसतो. स्मृतिभ्रंश वाटावा असं हे चित्र औषधाने बरंचसं सुधारू शकतं.

पण बहुतेक ज्येष्ठांचा रिपोर्ट असा नसतो. टीएसएच ५ किंवा ६, फ्री टी४ नॉर्मल, आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’. विसरण्याचं खापर लगेच थायरॉइडवर फुटतं. मेंदूची व्यवस्था मात्र वेगळी आहे. तिथल्या ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींमधलं विकर (एन्झाइम) टी४मधला आयोडीनचा एक अणू काढून टी३ हे जास्त प्रभावी संप्रेरक बनवतं आणि चेतापेशी हे टी३ वापरतात. रक्तातलं टी४ थोडं घटलं, की हे विकर जास्त जोमाने काम करतं आणि मेंदूतलं टी३ सांभाळतं. शिवाय वयाबरोबर टीएसएच वाढतंच. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत ऐंशीच्या पुढच्या निरोगी लोकांची वरची मर्यादा ७.५च्या आसपास आली, तरी रिपोर्टवर सगळ्यांसाठी ४ किंवा ४.५च छापलेलं असतं.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या युरोपातल्या चाचणीत टीएसएच असं थोडं वाढलेले पासष्टीपुढचे ७३७ जण होते. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन (टी४ची गोळी), निम्म्यांना औषध नसलेली गोळी. वर्षभराने थकव्यात फरक नव्हता, विचारांचा वेग मोजणाऱ्या चाचणीतही नव्हता.

खरी काळजी गोळी जास्त होण्याची करावी. टीएसएच ०.१च्या खाली राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. त्यातून गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो, हाडंही झिजतात. स्मृतिभ्रंशाशीही कमी टीएसएचचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. या वयात हातांचा थरथराट, घाम ही नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही. माणूस नुसता गप्प होतो, वजन घटतं.

म्हणून एका आकड्यावर गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करावं, सोबत फ्री टी४. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच तात्पुरतं वर जातं, तेव्हाचा रिपोर्ट धरू नये. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसतं, म्हणून त्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात.

उपचार खरोखर लागले तर हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांत १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात होते. औषधाचं अर्धआयुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचं, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांआधी केलेली तपासणी फसवी ठरते. गोळी उपाशीपोटी, खाण्याआधी किमान अर्धा तास. कॅल्शियम आणि लोह चार तासांनंतर.

हे अंतर चुकलं की गडबड कशी होते ते पाहा. कॅल्शियम सोबत घेतल्याने औषध नीट शोषलं जात नाही, टीएसएच चढतं, डोस वाढवला जातो. पुढे कॅल्शियम बंद होतं, वाढलेला डोस तसाच राहतो, आणि टीएसएच खाली घसरतं. डोस बदलण्याआधी गोळी किती वाजता आणि कशासोबत घेतली जाते, हे डॉक्टरांना नक्की सांगावं.