झाडाच्या फांद्या कोणी मोजल्या?

एका जुन्या अमेरिकी कार्टूनपटात चार्ली ब्राउन नावाचा मुलगा नाताळासाठी झाड आणायला जातो आणि बाजारातलं सगळ्यांत काटकुळं झाड उचलून आणतो. हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच फांद्या, त्यांच्याही सुया गळणाऱ्या. तो त्यावर एक लाल गोळा अडकवतो, तर तेवढ्या भारानंही झाड कमान होऊन जमिनीला टेकतं. थोड्या वेळानं बाकीची मुलं येतात, झाडाभोवती कोंडाळं करतात, भराभरा हात हलवतात आणि बाजूला होतात. मागे उभं असतं भरगच्च, नटलेलं झाड.

सजावट कुठून आली ते आपल्याला दाखवलेलं असतं, ती स्नूपी कुत्र्याच्या घरावरून काढलेली असते. पण फांद्या कुठून आल्या?

‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा जेमतेम पंचवीस मिनिटांचा कार्टूनपट ९ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढे दर डिसेंबरात घरोघरी लागत राहिला. शेवटी झाड अचानक बहरतं हा कथेतला चमत्कार म्हणून सोडून देता येईल. पण त्याआधीही एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात त्याच्या फांद्यांची संख्या बदलते. सिनेमावाले याला कंटिन्युइटीची, म्हणजे सलगतेची चूक म्हणतात. मला ही चूक फार मोलाची वाटते. आपण ‘पाहतो’ म्हणजे नेमकं काय करतो, हे तिच्याइतकं सोपं करून सांगणारं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी चूक होते कशी ते बघू. त्या काळचं कार्टून हातानं काढलेलं असे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टीव्हीसाठी काम करताना एकच चित्र सहसा दोन चौकटींना वापरत, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. पंचवीस मिनिटांचा हिशेब केला तर ३६,००० चौकटी आणि सुमारे १८,००० चित्रं होतात. शिवाय प्रत्येक चित्र म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्यांची चळत. एका पत्र्यावर हलणारा हात, दुसऱ्यावर धड, सगळ्यांच्या खाली कागदावर रंगवलेली पार्श्वभूमी. एखादी वस्तू स्थिर असेल तर ती पार्श्वभूमीत रंगवता येते, हलायची असेल तर तीच पत्र्यावर नव्यानं काढावी लागते, आणि ही दोन कामं बहुधा वेगवेगळ्या माणसांची असतात. पात्रांचे नाकडोळे, उंची, कपडे सारखे राहावेत म्हणून नमुन्याचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. चळत कॅमेऱ्याखाली जाण्याआधी ती तपासणारा माणूसही असतो. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ यांच्या चमूच्या हाती सगळं मिळून सुमारे सहा महिने होते. चार्लीचं डोकं चुकलं असतं तर कोणाच्याही लगेच लक्षात आलं असतं. फांद्या मात्र निसटल्या.

आणि प्रेक्षकांच्या नजरेतूनही निसटल्या. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक छोटा चित्रपट मुद्दाम चुका पेरून तयार केला. टेबलाशी बसून दोन बायका बोलताहेत, एवढीच गोष्ट. पण कॅमेरा एकीवरून दुसरीकडे वळला की काहीतरी बदलायचं. गळ्यातला स्कार्फ नाहीसा झाला, लाल ताटल्या पांढऱ्या झाल्या. असे नऊ बदल होते. पाहणाऱ्या दहा जणांपैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. मग ‘बदल आहेत, शोधा’ असं सांगून तोच चित्रपट पुन्हा दाखवला, तेव्हाही सरासरी दोनच सापडले.

याला बदल-आंधळेपण म्हणतात. डोळे सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलतात, आणि प्रत्येक उडीत चित्र क्षणभर दबलं जातं. पण समोरचं जग स्थिर आहे, हे मेंदूनं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे तो प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवत बसत नाही. अल्पकालीन दृश्यस्मृतीत एका वेळी तीन-चार वस्तू मावतात. त्या जागा मिळवतात चेहरे, हालचाल आणि गोष्टीचा अर्थ. ‘एक केविलवाणं झाड’ एवढी नोंद मेंदूनं केली की त्याचं काम झालं. सहा फांद्या की नऊ, हे लिहून ठेवायला तिथे जागाच नसते. मासिकांच्या शेवटच्या पानावरच्या ‘फरक ओळखा’ कोड्यात दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी असतात, तरी आपण पाच मिनिटं डोकं खाजवतो. पडद्यावर तर दुसरं चित्र येईपर्यंत पहिलं पुसलेलं असतं.

आता त्या कोंडाळ्याकडे परत येऊ. सायमन्स आणि लेव्हिन यांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातला आहे. एक अनोळखी माणूस नकाशा दाखवून वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघेजण एक दरवाजा उचलून त्यांच्या मधूनच जातात, आणि त्या आडोशात पत्ता विचारणारा बदलतो. उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. तरी १५ पैकी ८ जण पत्ता सांगत राहिले! मुलांची पाठ आणि हलणारे हात म्हणजे तोच दरवाजा. क्षणभर झाड झाकलं जातं, नजर हातांमागे धावते, आणि आडोशापलीकडे दुसरंच झाड उभं राहतं. तीस वर्षांनी प्रयोगशाळेत मोजलं गेलेलं तंत्र चित्रकारांना अनुभवानं ठाऊक होतं, असं मला वाटतं.

प्रत्येक चूक डोळ्यांची नसते, काही समजुतीच्याही असतात. ‘रुडॉल्फ द रेड-नोझ्ड रेनडिअर’ हा बाहुल्यांचा कार्टूनपट ६ डिसेंबर १९६४ ला एनबीसीवर आला. बाहुली तसूभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. एकेक चौकट टिपत जाण्याच्या याच रीतीनं दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखवली होती. ‘रुडॉल्फ’ची निर्मिती न्यूयॉर्कची, आवाज टोरोंटोत ध्वनिमुद्रित केलेले आणि बाहुल्यांचं चित्रीकरण तादाहितो मोचिनागा यांच्या चमूनं जपानमध्ये केलेलं.

त्यात नको असलेल्या खेळण्यांचं एक बेट आहे. पहिल्या प्रसारणात ती खेळणी तिथेच राहिली. प्रेक्षकांनी हळहळून पत्रं लिहिली आणि १९६५ मध्ये सांता त्यांना घ्यायला येतो असं दृश्य जोडलं गेलं. शेवटच्या श्रेयनामावलीत सांताचा मदतनीस एकेका खेळण्याला छत्री देऊन आकाशातून खाली सोडतो. पक्ष्याला मात्र तो छत्रीशिवायच सोडतो. पक्ष्याला छत्री कशाला? पण त्या पक्ष्याचं दुःखच हे की त्याला उडता येत नाही, तो पोहतो! हे त्यानं स्वतःच सांगितलेलं असतं. ‘पक्षी म्हणजे उडणारा’ ही आपली जुनी, पक्की समजूत काही मिनिटांपूर्वी ऐकलेल्या वाक्यावर मात करते. करणाऱ्यांचंही तसंच झालं असावं.

१९६५ मध्ये हे कार्यक्रम वर्षातून एकदा लागायचे. घरी चित्रफीत नव्हती, मागे जाण्याची सोय नव्हती. एकदाच पाहिलं जाणारं चित्र म्हणून ते काढलेलं होतं. व्हिडिओ कॅसेट आल्या आणि मुलं तोच भाग दहा-दहा वेळा पाहू लागली. गोष्ट पाठ झाली की लक्ष मोकळं होतं आणि कोपऱ्यांत फिरू लागतं, मग फांद्या मोजल्या जातात. मीही त्या थांबवून थांबवून मोजल्या आहेत. तरी कार्टूनपट न थांबवता पाहायला बसलो की त्या प्रसंगी माझी नजर अजूनही मुलांच्या हातांवरच जाते.