गौताळ्याचा डोंगर आणि वणव्यावरची नजर

फाल्गुन लागला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडचा, गौताळ्याचा डोंगर रंग बदलतो. पळस फुलतो, सालई-धावडा उघडे पडतात आणि कुसळी हे गवत इतकं वाळतं की पायाखाली कडकडा मोडतं. या दिवसांत पहाटे निघून निरीक्षण मनोऱ्यावर चढलं, की तो उंचावर का उभारतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

उंचावरून नजर ठेवायची इथली रीत जुनी. ८२६ मीटर उंचीचा अंतूर किल्ला खानदेशातून वर येणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवून असायचा. तेव्हा शोध शत्रूचा होता. धुराचा शोध नंतरचा. १८६५ साली सातपुड्यातलं बोरीचं जंगल राखीव झालं, आणि वणवा रोखायचे देशातले सुरुवातीचे पद्धतशीर प्रयत्न तिथे झाले. अमेरिकेत १९१०च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथे डोंगरमाथ्यांवर मनोऱ्यांचं जाळं पसरलं. पहारेकरी धुराची दिशा मोजायचा. दोन मनोऱ्यांवरच्या रेषा नकाशावर जिथे छेदतील, तिथे आग.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. लातूरसारख्या जिल्ह्यात वन एक टक्काही नाही, हे लक्षात घेतलं की मराठवाड्याला हा हिरवा पट्टा जपणं किती गरजेचं आहे ते कळतं. आपल्याकडे वणवे बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात: मोह वेचायला जमीन साफ करताना, नवं गवत चांगलं येईल या समजुतीने, किंवा फेकलेल्या विडीने. अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. खबरदारी म्हणून वनविभाग उन्हाळ्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढतो. आग आलीच तर या मोकळ्या पट्ट्याशी तिला जाळायला काही उरत नाही.

२००४पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या मदतीने वणव्याच्या सूचना राज्यांना देतं. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो आणि त्याला दिसते ती उष्णता. जंगलाच्या कडेला शेतकऱ्याने पाचट पेटवलंय की डोंगराच्या गवतानं पेट घेतलाय, हे मनोऱ्यावरचा वनरक्षक धुराच्या जागेवरून आणि वाऱ्याच्या रोखावरून तिथल्या तिथे ओळखतो.