जुनं इंजिन काळंच होतं का?

“जुन्या गाड्यांची इंजिनं कंपनीतून काळीच यायची,” असं सातारा-सांगलीकडच्या गाडीवेड्यांत वर्षानुवर्षं फिरतं. समज साहजिक आहे. वर दिसतं ते तेल, काजळी आणि ओव्हरहॉलिंगवेळी मारलेला रंग. प्रत्यक्षात मॉरिस मायनरची इंजिनं हिरवी असत, शेव्हरलेची व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं अनेक वर्षं नारिंगी. काही खरोखर काळीही होती, म्हणूनच आपल्या इंजिनाचा मूळ रंग तपासावा.

आधी इंजिन नंबर आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर रंगही दुसऱ्याच गाडीचा सापडेल. मग डायनामोच्या ब्रॅकेटमागच्या, मॅनिफोल्डखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या, धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांखालच्या) खाचाखोचा रॉकेलच्या फडक्यानं पुसा. बारीक वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) हळूच फिरवला की रंगाचे थर एकेक करून उघडतात. धातूला किंवा प्रायमरला (रंगाखालच्या पहिल्या लेपाला) लागून असलेला रंग सर्वांत जुना. वायर ब्रश अजिबात नको, तो हा पुरावाच खरवडून टाकतो. नव्या रंगाची छटा या जुन्या रंगाशी दिवसाच्या उजेडातच जुळवा.