मॉस्किटो (बाँबफेकी विमान)

दुसऱ्या महायुद्धातील दोन इंजिनांचे, दोन आसनांचे ब्रिटिश हलके बाँबफेकी विमान. बाकीचे कारखाने धातूकडे वळले असताना डी हॅविलँड कंपनीने ते लाकडात बांधले.

कंपनीचे म्हणणे सरळ होते. बाँबफेकी विमानावरच्या बंदुका आणि त्या चालवणारी माणसे उतरवली, तर वजन इतके घटेल की शत्रूची लढाऊ विमाने त्याला गाठूच शकणार नाहीत. मग बंदुका हव्यात कशाला? हवाई मंत्रालयाला हे पटेना. त्याच मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी सर विल्फ्रिड फ्रीमन मात्र पाठीशी उभे राहिले, म्हणून टीकाकार या विमानाला ‘फ्रीमनचे खूळ’ म्हणत. १ मार्च १९४० रोजी ५० विमानांची मागणी नोंदवली गेली. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या माघारीनंतर ती जवळजवळ बारगळलीच होती. सरकारला तेव्हा मोजक्या, हाती असलेल्या विमानांखेरीज दुसरे काही नको होते.

हर्टफर्डशरमधील सॅलिसबरी हॉल या खंदकाने वेढलेल्या जुन्या वाड्यात कंपनीचे मुख्य आराखडाकार आर. ई. बिशप यांच्या हाताखाली आराखडे झाले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्डहून पहिले उड्डाण झाले. चालक होते संस्थापकांचे चिरंजीव जेफ्री. पुढील चाचण्यांत वेग ताशी ६३० किमी.च्या आसपास भरला. तेव्हाचे स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमानही मागे पडले.

विमानाचे धड शेंगेच्या दोन फाकांसारखे वेगवेगळ्या साच्यांवर घडवत. बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड सरसाने बसवायचे, फाका उघड्या असतानाच आत तारा-नळ्या ओढून घ्यायच्या, मग त्या जोडायच्या. त्यामुळे फर्निचरवाल्यांचे सुतारही कामाला लागले. वरून ताणून बसवायचे ते सुती कापड ‘मादापोलम’; हे नाव आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावाचे.

आरंभी बाँबचा भार २५० पौंडी चारच बाँबचा ठरला होता. ५०० पौंडी बाँबची शेपटी आखूड केल्यावर तेही चार मावले आणि मारा एकदम दुप्पट झाला. पुढे पोट फुगवून ४,००० पौंडी बाँबचीही सोय झाली. ३० जानेवारी १९४३ रोजी मॉस्किटोंनी भरदिवसा बर्लिन गाठले; जर्मन हवाई दलप्रमुख गोरिंगचे नभोवाणी भाषण त्यामुळे खोळंबले. टेहळणी आणि रात्रीची लढाई यांसाठीही याच सांगाड्याच्या आवृत्त्या निघाल्या. एकूण ७,७०० हून अधिक विमाने बांधली गेली, त्यांत कॅनडा व ऑस्ट्रेलियातलीही होती.

हिंदुस्थानात मात्र लाकडाने दगा दिला. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेल्या काही विमानांचे पंख १९४४ मध्ये उडता उडता निखळले, आणि नोव्हेंबरात सगळी जमिनीवर बसवली गेली. आधीच्या विमानांत दुधातल्या केसीनचा सरस होता, दमट हवेत तो टिकत नसे. नंतर कृत्रिम रेझिनचा आला. पाहणीला आलेल्या कंपनीच्या माणसांनी दोष पावसाळ्यावर टाकला. पुढच्या चौकशीत मात्र कारखान्यातली कच्ची जोडणी उघड झाली: पंखाचे प्लायवूड आतल्या तुळईला नीट चिकटलेलेच नव्हते. उपाय सुतारकामातलाच निघाला. सांध्यावर प्लायवूडची पट्टी मारून पाणी आत शिरणे बंद केले.