लांब दांडी वेळेवर का येत नाही?

टेट्रिस म्हणजे वरून पडणारे तुकडे रचून आडव्या ओळी भरायचा व्हिडिओ गेम; ओळ भरली की ती नाहीशी होते. तो खेळणाऱ्यांची एक पक्की समजूत असते. लांब दांडी, म्हणजे एका रेषेतल्या चार चौकोनांचा तुकडा, हवी असते नेमकी तेव्हाच ती येत नाही. गेमला आपला डाव दिसतो, आपण कडेला मोकळी ठेवलेली जागाही दिसते आणि तो मुद्दाम दांडी अडवून धरतो, असं चांगली शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. सुदैवाने हे तपासून पाहता येतं. निन्टेन्डोने १९८९ साली आपल्या घरगुती कन्सोलसाठी काढलेल्या टेट्रिसचा प्रोग्रॅम हौशी अभ्यासकांनी ओळ न् ओळ उलगडून ठेवला आहे. पुढचा तुकडा ठरवणारा भाग त्यात अगदी छोटासा आहे, आणि मला तो संपूर्ण गेमपेक्षाही जास्त आवडतो.

आधी दांडीचं एवढं कौतुक का, ते सांगतो. मैदान १० चौकोन रुंद आणि २० चौकोन उंच. वरून पडणारे आकार सात, प्रत्येकात चार चौकोन. सुरुवातीच्या पातळीवर एक ओळ भरली की ४० गुण मिळतात, चार ओळी एकदम भरल्या की १२००. त्याच चार ओळी एकेक करून भरल्या तर हाती पडतात फक्त १६०. चार ओळी एका फटक्यात उडवणं केवळ उभ्या दांडीलाच जमतं, म्हणून खेळाडू एक उभा रकाना मोकळा सोडून तिची वाट बघत बसतो. आणि ज्याची वाट बघावी त्याचाच उशीर टोचतो. चौरस ठोकळा बराच वेळ आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मुख्य प्रश्न. या कन्सोलची कामाची स्मृती २ किलोबाइट. त्यात फासे टाकणारा कुठलाही भाग नाही. संगणक तर सांगितलेलं काम सांगितलेल्या क्रमानेच करतो. मग बेभरवशाचा आकडा आणायचा कुठून?

उत्तर असं की, १६ खुर्च्यांची एक रांग कल्पून तिच्यातल्या प्रत्येक खुर्चीत ० किंवा १ बसवायचा. गेम सुरू होताना ही रांग नेहमी एकच असते:

१००० १००१ १००० १०००

आता उजवीकडून दुसरा आणि दहावा अंक पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर नवा अंक ०, वेगळे असतील तर १. मग सगळ्यांनी एकेक जागा उजवीकडे सरकायचं, टोकाचा बाहेर पडतो आणि डावीकडे रिकाम्या झालेल्या जागेत नवा अंक बसतो. वरच्या रांगेत दुसरा ० आणि दहावाही ०, म्हणून नवा अंक ०. रांग होते:

०१०० ०१०० ११०० ०१००

कागदावर पुढे करून पाहा. पहिली सात पावलं डावीकडून ०च आत येतो, आठव्या पावलाला पहिल्यांदा १ येतो आणि तिथून पुढे रांग अशी काही ढवळली जाते की डोळ्यांना कुठलीच संगती लागत नाही. तरीही प्रत्येक पाऊल शंभर टक्के ठरलेलं!

ही रांग पुन्हा पहिल्या जागी कधी येते? उजव्या टोकाचा अंक हिशेबात कधीच येत नाही, तो नुसता बाहेर पडतो. राहिले १५. पंधरा जागांत ० आणि १ मांडायचे ३२,७६८ प्रकार. त्यातला सगळी शून्यं असलेला प्रकार वगळायचा, कारण त्यातून कायम शून्यच निघेल. उरलेल्या ३२,७६७ प्रकारांतून रांग एकही न चुकवता जाते आणि मगच पहिल्या जागी परतते. दुसरी आणि दहावी याच जागा का, यामागे ० आणि १ या दोनच अंकांच्या बहुपदींचं बीजगणित आहे. भलत्याच दोन जागा निवडल्या तर फेरा फार लवकर संपू शकतो. पडद्यावर सेकंदाला साधारण ६० चित्रं उमटतात आणि प्रत्येक चित्रागणिक रांग एक पाऊल टाकते, त्यामुळे पूर्ण फेऱ्याला सुमारे नऊ मिनिटं लागतात.

तुकडा निवडायची वेळ आली की गेम रांगेचा डावा अर्धा भाग द्विमान पद्धतीतली (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली) संख्या म्हणून घेतो, त्यात आतापर्यंत आलेल्या तुकड्यांची संख्या मिळवतो आणि शेवटचे तीन अंक ठेवतो. त्यातून ० ते ७ यांपैकी एक आकडा मिळतो. शक्यता आठ आणि आकार सात, म्हणून ७ आला किंवा आधीचाच तुकडा पुन्हा आला तर रांग एक पाऊल पुढे ढकलून दुसऱ्यांदा आकडा काढायचा, त्यात आधीच्या तुकड्याचा सांकेतिक क्रमांक मिळवून सातने भागायचं, आणि या वेळी जी बाकी येईल ती मान्य करायची. बस्स. तुमच्या रचनेचा, मोकळ्या रकान्याचा, गुणांचा इथे कुठेही संबंध नाही.

रांगेतले अंक पूर्णपणे यादृच्छिक आहेत असं मानून हिशेब केला तर एक गंमत दिसते. दांडी सोडून दुसरा कुठलाही तुकडा येऊन गेला की पुढचा तुकडा दांडी असण्याची शक्यता ३२ मध्ये ५ असते, म्हणजे सातात एकाहून थोडी जास्तच. दांडीमागोमाग लगेच दांडी येण्याची शक्यता मात्र ३२ मध्ये फक्त १. म्हणजे आधीचाच तुकडा आला तर पुन्हा आकडा काढायचा हा नियम आहे तो एकच आकार सारखा-सारखा येऊ नये म्हणून, आणि तो वाट बघणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

मग लांबलचक दुष्काळ पडतातच कसे? एक दांडी आल्यावर पुढचे वीस तुकडे दांडीविना जाण्याची शक्यता साधारण २६ मध्ये १ आहे. शंभर ओळींच्या डावात चौकोन लागतात १०००, म्हणजे तुकडे २५०. त्यांत दांड्या येतात पस्तीसच्या आसपास. पस्तीस वेळा २६ मध्ये १, म्हणजे असा दुष्काळ लांब डावात सरासरी एकदा तरी पडतो. डावांमागून डाव तो पडलाच नाही, तरच संशय घ्यायला हवा.

‘इतका वेळ आली नाही, म्हणजे आता येणारच’ हाही तितकाच चुकीचा समज. विसावा तुकडा असो की दुसरा, शक्यता तीच, ३२ मध्ये ५. निवडीला फक्त मागचा एक तुकडा आठवतो. सोडतीचे मागचे निकाल मांडून ‘थकलेला आकडा’ सांगणारे तक्ते याच चुकीवर विकले जातात. तिथे माणसांचे खरे पैसे जातात, म्हणून त्यांची मला चीड येते.

रांग ठरलेली आहे, तर प्रत्येक डाव सारखा का होत नाही? कारण रांग पळत असते आणि तिच्यातला कुठला क्षण पकडायचा, हे खेळाडूचा अंगठा ठरवतो. मागचा तुकडा खाली टेकतो त्या वेळेवर पुढची निवड अवलंबून असते. तुकडा एक साठांश सेकंद उशिरा टेकवला, तर तिथून पुढचा सगळा क्रम बदलू शकतो. उलट, प्रोग्रॅमकडून अगदी त्याच क्षणांना तीच बटणं दाबून घेतली तर तोच डाव तंतोतंत पुन्हा उभा राहतो.

नंतरच्या बहुतेक अधिकृत टेट्रिसमध्ये ही पद्धत सोडून दिली गेली. तिथे सातही आकार पिशवीत घालून एकेक काढतात आणि पिशवी रिकामी झाल्यावरच पुन्हा भरतात. त्यामुळे दोन दांड्यांमध्ये बारापेक्षा जास्त तुकडे येऊच शकत नाहीत. खेळाडूला हे सोयीचं आहे, पण यात पुढचा तुकडा बराचसा मोजून काढता येतो, आणि शेवटच्या एका तुकड्याच्या बाबतीत तर अगदी खात्रीने.