शालेय आरोग्य तपासणी

डॉक्टर आणि नर्सची टीम शाळेतच येऊन मुलांची जी तपासणी करते तिला शालेय आरोग्य तपासणी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, त्याला एवढंच आठवतं की गाडी आली, वर्गाबाहेर लाइन लागली, वजनकाट्यावर उभं केलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि इंजेक्शन आहे काय इंजेक्शन आहे काय करत मागची पोरं रडायला लागली. इंजेक्शन बहुतेक वेळा नसतंच. सध्या महाराष्ट्रात ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते, शाळेच्या बोलीत नुसतं आरबीएसके. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते बारावी वर्षातून एकदा. विनाअनुदानित खाजगी शाळा यात नाहीत, त्यामुळे भरपूर फी भरून इंग्लिश मीडियमला घातलेल्या पोराचे डोळे दहावीपर्यंत कुणी तपासलेलेच नाहीत असंही होऊ शकतं.

भारतात शाळकरी मुलांची पहिली तपासणी 1909 साली बडोद्यात झाली, सयाजीराव गायकवाडांचा काळ. पण नंतर पुढे फार काही हललं नाही, 1946 च्या भोर समितीने (देशाच्या आरोग्य सेवेची पाहणी करणारी समिती) तर देशात शालेय आरोग्य सेवा जवळपास नाहीतच असं लिहून ठेवलं. 1960 ला रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी समिती नेमली, 1961 ला तिचा अहवाल आला, मग राज्याराज्यात कार्यक्रम येत गेले. आत्ताचा आरबीएसके 6 फेब्रुवारी 2013 ला पालघरहून सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 2014 ला झाला.

टीममध्ये दोन आयुष म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेचे डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), एक नर्स आणि एक फार्मासिस्ट अशी चार माणसं धरलेली आहेत. महिला डॉक्टर मुद्दाम ठेवलीय, कारण आठवी-नववीच्या मुली पाळीचा त्रास पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, आणि डॉक्टर बाईंनी विचारलं तरी मैत्रिणी बाजूला गेल्याशिवाय बोलत नाहीत. शोधायचं काय तर चार गटांतले मिळून सुमारे 30 आजार: जन्मतः असलेलं व्यंग (दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाला छिद्र), जीवनसत्त्वांची कमतरता आणि रक्त कमी असणं, लहानपणीचे आजार (त्वचेचे, कानाचे, किडलेले दात), आणि वाढीतला उशीर म्हणजे ऐकू न येणं, उशिरा बोलणं, शिकण्यात अडचण.

प्रत्यक्षात साधनं अगदी साधी असतात. भिंतीला उंचीची पट्टी, वजनकाटा, दंडाचा घेर मोजायची टेप, टॉर्च, स्टेथोस्कोप आणि सहा मीटरवर लावलेला अक्षरांचा तक्ता. डोळ्याची खालची पापणी ओढून आणि तळहात बघून रक्त कमी असल्याचा अंदाज घेतात. तक्त्याची मजा अशी की लाइनीतल्या हुशार पोरांनी पुढच्याचं ऐकून शेवटची ओळ पाठ केलेली असते, म्हणून अनुभवी डॉक्टर मधलंच अक्षर विचारतो. शिवाय टीम यायच्या आधी अर्धं काम वर्गशिक्षकाने केलेलं असतं, कारण फळ्यावरचं वहीत उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणारं पोरगं, दोनदा हाक मारल्याशिवाय न वळणारी मुलगी, ग्राउंडवर एक चक्कर मारून ओठ निळे पडणारा मुलगा, हे बाईंना रोज दिसतं आणि डॉक्टरला त्या दोन मिनिटांत दिसेलच असं नाही. बाईंनी आधीच कागदावर चार नावं लिहून ठेवली तर तपासणी खरी होते, नाहीतर मग नुसती आकड्यांची नोंद.

खरी अडचण तपासणीनंतर सुरू होते. काही सापडलं की मुलाला संदर्भ सेवा देतात, म्हणजे चिठ्ठी देऊन ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. उपचार फुकट आहेत, ऑपरेशनसुद्धा, आणि जन्मजात हृदयदोषाच्या कितीतरी मुलांची ऑपरेशनं या वाटेने झालीत, ज्यांच्या आईबापाला मूल नुसतं अशक्त आहे असंच वाटत होतं. पण चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तरातून ती आईच्या हातात जाईलच असं नाही, गेली तरी तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं, तिथे केसपेपर, आणि डोळ्याचे डॉक्टर ठरावीक वारीच असतात, ते त्या दिवशी रजेवर निघाले की परत तोच खेळ. दुसऱ्यांदा कुणी जात नाही. आणि घरात मुलगी असेल तर चष्म्याचं नाव काढलं की आजी म्हणते पोरीला चष्मा लावला तर पुढे लग्नाला अडचण, हे अजूनही ऐकू येतं बरं का. म्हणून किती मुलं तपासली या आकड्याला फारसा अर्थ नाही, किती चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते विचारावं. जिथे एखादे गुरुजी स्वतः पालकाला घेऊन जातात किंवा टीम गाडीतूनच मुलांना शिबिराला नेते तिथे फरक पडतो.

ऊसतोडीच्या पट्ट्यात वेगळाच घोळ. बीड आणि आसपासच्या भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, बरोबर पोरंही जातात. टीम नेमकी त्या महिन्यांत आली तर पटावर नाव आहे आणि मूल फडावर. हंगामी वसतिगृहं त्यासाठी आहेत, तिथे राहिलेली मुलं निदान सापडतात तरी.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार, हा मुद्दा मोठा आहे. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, संशय आला तर पुढची पक्की टेस्ट. 2023 पासून देशपातळीवर सिकलसेलचं अभियान आहे, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांचीही तपासणी धरलीय.

तपासणीच्या जोडीला गोळ्या. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन, 2015 पासून, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. गैरहजर मुलांसाठी पुढे एक दिवस ठेवलेला असतो. लोहाची गोळी मात्र दर आठवड्याला: 5 ते 9 वयाला गुलाबी, 10 ते 19 ला निळी. ही उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून शाळेतली दुपारची खिचडी खाऊन झाल्यावर द्यायची असं सांगितलेलं असतं, पण कुणी सकाळच्या परिपाठालाच वाटून मोकळं होतं, मग दोघा-तिघांना उलट्या, त्यांना बघून आणखी दहा जणांना, गावात बोंब, आणि पुढचे सहा महिने गोळ्या खिडकीबाहेर. शौच काळी होते हे आधी सांगितलं नाही तर पालक घाबरतात, खरं तर त्यात काही नाही, लोहाने होतं तसं.

खिचडीचा विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे थोडक्यात. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ची, आधी महाराष्ट्रात महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा, 2001 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं. प्राथमिकला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला 700 आणि 20 असं माप आहे. वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन चव रजिस्टरवर सही करायची असते. अंड्याचं राजकारण सगळ्यांना माहितीय: 2023 च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं (न खाणाऱ्याला केळं) सुरू केलं, 2025 च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी बंद. गोव्यात दुपारच्या आहारात बचतगटांची पाव-भाजी असते, तिकडच्या मुलांचा कंटाळा खिचडीचा नसून पावाचा असतो एवढाच फरक.

मनाच्या आरोग्याची या तपासणीत जागा कमीच आहे. 2020 च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून ट्रेनिंग द्यायचं ठरलं, एक पुरुष एक महिला, आणि 11 विषय ठरवले, त्यात भावना आणि मानसिक आरोग्यही आहे. पण तोच शिक्षक पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि निवडणुकीची ड्युटी करतो. गोव्यात शाळांना समुपदेशक नेमलेत, महाराष्ट्रात गावच्या शाळेत मुलाला काही सांगायचं असेल तर आवडत्या बाईंनाच सांगतो.

तपासणीच्या बाहेरचे काही नियमही याच खात्यात मोडतात. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही (2003 चा कायदा), काही शाळांबाहेर त्यासाठी रस्त्यावर पिवळी रेघ मारलेली दिसते आणि टपरी रेघेच्या जरा पलीकडे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नको, हा 2015 चा जीआर. आणि झोप पुरत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं निघालं, त्यावर दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या शाळांनी आणि स्कूलबसवाल्यांनी डोक्याला हात लावला.